रूथची पाठ

स्टेजवर शीला मॅडमनी माझ्या मुलीच्या फ्रॉकची मागची चेन खाली ओढली.

मला विचारलं नाही. रूथला विचारलं नाही. रूथ तेव्हा सहा वर्षांची. व्हीलचेअरमध्ये बसलेली, नवा पांढरा फ्रॉक घातलेली. मॅडमनी एका हाताने तिला पुढे वाकवलं, दुसऱ्या हाताने चेन कमरेपर्यंत उघडली. समोर ठाण्याच्या त्या हॉलमध्ये तीन-चारशे माणसं. रूथच्या पाठीवर मधोमध ऑपरेशनचा व्रण आहे, माझ्या तळहाताएवढा. त्याच्या खाली डायपरची कड दिसत होती. तीही सगळ्यांनी बघितली.

मॅडम माइकमध्ये म्हणाल्या, "बघा. डॉक्टर म्हणालेले, हे पाडून टाका. या आईने नाही म्हटलं."

"हे" म्हणाल्या.

टाळ्या वाजल्या. मागून कोणीतरी हालेलूया म्हणालं. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने मोबाइल उंच धरला. रूथने वाकल्या वाकल्या मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी हसत होते. हसून उभी राहा असं सांगितलेलं, म्हणून हसत होते. चेन मी वर केली नाही. बोलणं संपल्यावर मॅडमनीच केली.

हे आधी सांगते, कारण यात माझीही लाज आहे.

आम्ही शहाडला राहतो. तळमजल्यावर दोन खोल्या. माझा नवरा सॅम घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीची बस चालवतो. मी आधी कल्याणला एका मोठ्या दुकानात बिलिंगला होते. माझे आजोबा नगरकडचे, गावाबाहेरच्या वस्तीतले. तिथेच ते ख्रिस्ती झाले. शीला मॅडम आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या. त्यांचे पणजोबा ब्राह्मणांतून ख्रिस्ती झालेले, आणि हे त्या वर्षातून एकदा तरी सगळ्यांना ऐकवायच्या. आमचे आजोबा कुठून आले हे कोणी विचारायचं नाही. माहीत होतं सगळ्यांना.

मला पाचवा महिना लागत होता तेव्हा सोनोग्राफीत निघालं. बाळाच्या पाठीच्या कण्यात फट आहे, डोक्यात पाणी आहे. डॉक्टरीण बाई चांगली होती. तिने पाडा असं म्हटलंच नव्हतं, ते मॅडमनी नंतर लावलं. तिने खुर्ची जवळ ओढून सगळं समजावलं. पाय चालणार नाहीत. लघवी-संडास कळणार नाही. ऑपरेशनं लागतील. कायद्याने थांबवता येतं, ठेवताही येतं, दोघं मिळून ठरवा, असं म्हणाली.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या संगीतालाही असंच काहीतरी सांगितलेलं. आम्हा दोघींना एकाच वेळी दिवस गेलेले. सोनोग्राफीला एकत्र रिक्षाने गेलेलो, बाकावर शेजारी बसून पाणी प्यायलेलो. तिच्या बाळाचं हृदय अर्धंच बनलेलं होतं. ती बौद्ध घरातली. तिची सासू दवाखान्यात तिच्याबरोबर बसून राहिली, घरी कोणी तिला एक शब्द बोललं नाही. दोन दिवसांनी ती मोकळी होऊन परत आली.

मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "मारलंस ना?"

ती कठडा धरून एकेक पायरी चढत वर गेली. मी खाली उभी राहून बघत होते. मला वाटलं, मी जिंकले.

मी कोणाच्या जबरदस्तीने बाळ ठेवलं नाही. हेही सांगायला पाहिजे. पोटातला जीव देवाच्या हातचा, तो काढायचा हक्क माणसाला नाही, हे मी आईच्या मांडीवर बसून ऐकलेलं. मी ते मानत होते. आजही मला ते खोटं वाटत नाही. पण तेव्हा मी घाबरलेली होते, आणि त्याच वेळी शीला मॅडम आमच्या घरी आल्या. त्यांची गाडी गल्लीत शिरली तेव्हा बायका दारात आल्या. मॅडम आमच्या कॉटवर बसल्या. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तू एकटी नाहीस. आख्खी मंडळी तुझ्यामागे आहे."

मला रडू फुटलं. इतक्या मोठ्या घरच्या बाईने माझा हात धरलेला.

रूथच्या बाप्तिस्म्याला सगळे आले. केक आला, फोटो झाले. त्यानंतर आमच्या घराचा रस्ता सगळे विसरले.

दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. रोज. रविवारी पण. डोक्यातलं पाणी पोटात उतरायला आत बारीक नळी बसवलेली. ती रूथ तीन वर्षांची असताना तुंबली. पोरगी सारखी ओकत होती, डोळे फिरवत होती. मी मॅडमना फोन केला, गाडी मिळेल का विचारलं. ड्रायव्हर सुट्टीवर आहे म्हणाल्या, मी प्रार्थना करते म्हणाल्या. आम्ही रिक्षाने गेलो. दुकानातलं काम माझं आधीच सुटलेलं. घरी बसून ब्लाउज शिवायला लागले.

संगीताला पुढे मुलगा झाला. धडधाकट. तो चालायला लागला तेव्हा तिने त्याला ते शिट्टीवाले बूट आणले, पाऊल टाकलं की चुकचुकणारे. दिवसभर वरच्या मजल्यावर चुक, चुक, चुक. रूथ मान वर करून छताकडे बघायची आणि टाळ्या पिटायची. मी मशीन जोरात चालवायचे. मला वाटायचं वर जावं आणि ते बूट खिडकीतून फेकून द्यावेत.

हेवा. दुसरा शब्द नाही. संगीता तिच्या पतपेढीत कामाला परत लागली. तिने स्कूटी घेतली. ती मुलाला पुढे उभं करून जायची, तिचे केस उडायचे, आणि ती वळणाआड जाईपर्यंत मी दारातून बघत राहायचे. मला तिच्या मुलाचा हेवा वाटायचा, तिच्या नोकरीचा वाटायचा. आणि ज्याबद्दल मी तिला जिन्यात बोलले, त्याचाही वाटायचा. हे मी सॅमलाही कधी बोलले नाही. प्रार्थनेतही बोलले नाही. समोर रूथ बसलेली असायची, चिंध्यांच्या बाहुल्या करत. स्वतःशी गाणं म्हणत. तिच्यावर माझा जीव आहे. आणि तरी मी मनात म्हणायचे, संगीतासारखं केलं असतं तर.

असल्या बाईला, म्हणजे मला, मॅडमनी सगळ्यांसमोर साक्ष द्यायला बोलावलं.

मंडळी दर वर्षी जिवाच्या पावित्र्याचा एक रविवार करते, पोटातलं मूल पाडू नका सांगणारा. त्याच्या तयारीसाठी मॅडमनी मला आणि रूथला त्यांच्या घोडबंदर रोडच्या घरी बोलावलं. चौदावा मजला. मॅडमनी कामवाल्या बाईला सांगून व्हीलचेअरच्या चाकांखाली वर्तमानपत्रं पसरायला लावली. रूथने विचारलं, "मम्मी, पेपर कशाला?" मी म्हटलं, चित्रं बघ.

मॅडमचा नातू हॉलमध्ये धावत होता. रूथच्याच वयाचा, अर्धी चड्डी घातलेला. मी त्याच्या पोटऱ्यांकडे बघत बसले. घट्ट, गोल पोटऱ्या. सोफ्यावर चढायचा, उडी मारायचा, परत चढायचा. त्याला माहीतही नव्हतं आपण काय करतोय. मॅडम काय बोलत होत्या ते मला ऐकूच येत नव्हतं.

त्यांनी माझ्या हातात टाइप केलेला कागद दिला. माझी साक्ष. मला एका क्षणाचाही पश्चात्ताप झाला नाही, असं त्यात माझ्या तोंडी लिहिलेलं. मी ते पाठ केलं आणि त्या रविवारी बोलले. पाठोपाठ मॅडमनी चेन उघडली.

परत येताना रिक्षात रूथने एकच विचारलं. "माझी पाठ सगळ्यांना का दाखवली?"

मी तिच्या फ्रॉकची चेन परत एकदा चाचपली.

पुढच्या महिन्यात शाळेचं आलं. आमच्या मंडळीची शाळा आहे, मॅडम तिच्या कमिटीवर. रूथला अक्षरं येतात, शंभरच्या पुढे मोजता येतं. मी फॉर्म घेऊन गेले. मला वाटलं, जिच्यासाठी एवढ्या टाळ्या वाजल्या तिला कोण नाही म्हणणार. मॅडम म्हणाल्या, अशा मुलांच्या शाळा वेगळ्या असतात, तिथे तिलाच बरं वाटेल. वर्ग पहिल्या मजल्यावर आहेत. बाकीचे पालक तक्रार करतील. तिची ती नळी कोण घालणार? मी म्हटलं, मी येऊन घालेन, मधल्या सुट्टीत, फक्त खालची एक खोली द्या.

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "अगं, सगळंच आम्ही करायचं का?"

सगळंच.

मी घरी आले आणि आठवायला बसले. त्यांनी काय काय केलं ते. एकदा माझा हात धरला. एक केक आणला. एक पांढरा फ्रॉक दिला. चौथं मला आठवेना.

वर्ष फिरलं. परत तोच रविवार, परत तोच हॉल. मी जाणार नव्हते. सॅम म्हणाला, चर्चच्या पाळकसाहेबांचा दोनदा फोन आला, जाऊन येऊ. आम्ही तिघं गेलो. कार्यक्रमाआधी मॅडमनी मला मागच्या खोलीत बोलावलं. तिथे एक मुलगी बसलेली. स्नेहल. कोपरला राहणारी, तेवीस वर्षांची, पाचवा महिना. मांडीवर सोनोग्राफीचं पाकीट. तिलाही तेच सांगितलेलं. कण्यात फट.

मॅडम म्हणाल्या, "हिच्याशी बोल. तुझं ऐकेल ती."

आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या. गेल्या नाहीत.

स्नेहलने आधी रूथकडे बघितलं. रूथ तिला बाहुली दाखवत होती. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हाला कधी वाटलं का, नको होतं म्हणून?"

मॅडम दारातूनच म्हणाल्या, "नाही वाटलं. ती आता स्टेजवर सांगणारच आहे."

मी म्हटलं, "वाटलं."

मी रूथला खोलीबाहेर नेऊन सॅमकडे दिलं, दार लावलं आणि स्नेहलच्या समोर बसले. मॅडम आतच उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं. नळीचं, ऑपरेशनांचं, सुटलेल्या नोकरीचं, वासाचं. वरच्या मजल्यावरच्या बुटांचं. संगीताच्या हेव्याचं. आणि हेही, की रूथ सकाळी उठल्यावर आधी माझा गाल चाचपते, आणि तेवढ्यासाठी मी परत सगळं केलं असतं की नाही हे मला अजूनही ठरवता येत नाही. देवाबद्दल विचारलंस तर मी मानते, असं म्हटलं. पण वाहायचं तुला आहे, म्हणून ठरवायचंही तुला आहे. मी ठेव म्हणणार नाही. नको ठेवू असंही म्हणणार नाही. एवढंच सांगते की ठरवायच्या आधी ही बाकीची माणसं मोजू नकोस. ती टाळ्या वाजवतील आणि घरी जातील.

स्नेहल रडत होती. पाकीट मात्र तिने पहिल्यांदाच मांडीवरून खाली ठेवलं.

मॅडमचा चेहरा लाल झालेला. "तू काय करतेयस कळतंय का तुला? हिचं बाळ गेलं तर ते पाप तुझ्या माथी."

मी म्हटलं, "आणि आलं तर कोणाच्या माथी, मॅडम?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, चल, तुझं नाव पुकारलं.

"मी येणार नाही. रूथ पण येणार नाही. शाळेत जी चालत नाही, ती स्टेजवरही चालणार नाही."

बाहेर माइकवर माझं नाव दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा कोणीतरी गाणं सुरू केलं. आम्ही तिघं मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, व्हीलचेअर ढकलत बाहेर पडलो. गेटबाहेर आल्यावर सॅमने खुर्चीचं हँडल माझ्या हातातून घेतलं.

स्नेहलने पुढे काय ठरवलं ते मला माहीत आहे. मी ते सांगणार नाही. तिची गोष्ट सांगायचा हक्क तिचा आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर संगीताकडे गेले. दारातच उभी राहून म्हटलं, जिन्यात तुला जे बोलले ते चुकलं माझं. तेव्हा तुझा हात धरायला पाहिजे होता. ती ओल्या हातांनी उभी होती, भांडी घासता घासता आलेली.

"आठ वर्षं लागली तुला," म्हणाली.

आत ये म्हणाली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. तो तिचा हक्क आहे. मी परत जाऊन विचारणार नाही.

हेवा अजून गेलेला नाही. कोणाचं पोर धावताना दिसलं की माझे डोळे अजूनही आधी त्याच्या पायांवर जातात. जाऊ देत. मी त्याची लाज धरणं सोडलंय. शाळेने नाही म्हटलं ते लेखी मागितलंय, दिलं नाही तरी पालिकेच्या शिक्षण विभागात माझा अर्ज पडलेला आहे आणि दर सोमवारी मी तिथल्या बाकावर जाऊन बसते. उपासनेला पण जाते. पाळकसाहेब म्हणाले, लोकांना अवघड होतंय, थोडे दिवस मागे बसा. मी म्हटलं, ज्यांना अवघड होतंय त्यांनी मागे बसावं. देव त्यांचा एकट्यांचा नाही. माझे आजोबा गावाबाहेरून चालत त्याच्याकडे आलेले, कोणाच्या गाडीतून नाही.

आता कोणीही माझ्यासमोर उभं राहून पोटातल्या जिवाबद्दल बोलायला लागलं, तर मी ऐकून घेणार नाही. आधी विचारणार. ते पोर जन्मल्यावर त्याच्या घरी तुम्ही कुठल्या वारी जाणार? वार सांगा.

सांगता येत नसेल, तर खाली बसा.