विजयमालाबाईंनी पकडलेली चूक

विजयमाला आव्हाड भिंगारच्या बाजारात टायपिंगचा क्लास चालवायच्या. शहाण्णव साली त्यांनी जुने टाइपरायटर विकून एक कॉम्प्युटर घेतला. यजमान गहिनीनाथ लष्कराच्या कचेरीत कारकून. पण जीव सगळा बुद्धिबळात. नगरच्या एका साप्ताहिकात ते बुद्धिबळाचं सदर लिहीत.

बँकेतल्या माधुरी साळवे त्या सदराला डाव पाठवत, चालींखाली स्वतःच्या टिपा लिहून. पाकीट आलं की गहिनीनाथांचं ताटाकडे लक्ष नसे. "काय नजर आहे बाईची," ते म्हणत. इतक्या वर्षांत आपल्याबद्दल हा माणूस असं कधी बोलला नाही, हे विजयमालाबाईंना दर पाकिटागणिक आठवे. माधुरीला त्यांनी पाहिलंही नव्हतं. तरी ती दिसते कशी, हसते कशी, हेच डोक्यात घोळे.

त्यांनी पुण्याहून बुद्धिबळाची फ्लॉपी मागवली. खेळ येत नव्हता. दुपारी क्लास रिकामा असताना शिकल्या. मग छापून आलेला एकेक डाव पडद्यावर मांडून माधुरीच्या टिपा तपासू लागल्या. कॉम्प्युटर दर वेळी तिचंच खरं करी, आणि विजयमालाबाईंचा दिवस वाईट जाई.

दिवाळीनंतरच्या एका डावात मात्र वेगळं निघालं. माधुरीनं लिहिलं होतं: पांढऱ्यानं वजिराचा बळी द्यावा, काळ्यानं तो मारला की हत्तीनं मात. कॉम्प्युटरचा काळा वजिराला हातच लावेना. तो आधी घोड्यानं शह देई आणि पुढच्या चालीला त्याच घोड्यानं तो हत्ती मारी. विजयमालाबाईंनी पट मांडून स्वतः चाली करून पाहिल्या. बरोबर होतं.

"अहो, तुमच्या माधुरीबाई चुकल्या."

गहिनीनाथांनी पटावर घोड्याची ती चाल करून पाहिली. "हे कॉम्प्युटरनं सांगितलं?"

"हो. पण मलाही पटलंय."

त्यांनी दुरुस्ती बायकोच्या नावानं छापली.

अंक निघाल्यावरच्या रविवारी जाड चष्म्याची एक बाई दारात उभी. "मी माधुरी. वहिनी, तुम्हालाच भेटायला आले. तो घोडा मला दिसलाच नव्हता. तुमचं मशीन दाखवाल?"

विजयमालाबाईंनी तिला आत घेतलं. त्यांनी चहा टाकला.

तेव्हापासून माधुरी रविवारी येऊ लागली. दोघी मिळून सदरातले डाव तपासत, गहिनीनाथांचेही. त्यांत चूक निघाली की ते "जरा चक्कर मारून येतो" म्हणत चपला घालत.

हेवा काही गेला नाही. मशीन विचार करत असताना माधुरी सहज म्हणे, "उंट मागे येईल," आणि थोड्या वेळानं पडद्यावर तीच चाल उमटे. हे आपल्याला का दिसत नाही, याची विजयमालाबाईंना आग होई. नवरा कुणाचं कौतुक करतो, तिकडे आता त्यांचं ध्यानही नसे.

पुढं सदराखाली दोघींची नावं येऊ लागली, माधुरीचं आधी. क्रम बदला, असं विजयमालाबाई कधी म्हणाल्या नाहीत. अंक हातात पडला की पहिल्यांदा तेवढं मात्र बघत.