तांडेल अजून दरीतच

जगातले सगळे पुरलेले खजिने शोधण्यात मिळून गेला नसेल एवढा वेळ आमच्या साडूंनी एकट्याने, कार्डिफमधल्या घराच्या मागच्या खोलीत बसून, एका इंका खजिन्यावर घालवला. तो खजिना त्यांनी स्वतःच पुरला होता, पहिल्या प्रकरणात. कुठे पुरला ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं ते वर्षानुवर्षं सांगत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. पेशाने भूलतज्ज्ञ. सकाळी हॉस्पिटलमध्ये लोकांना झोपवायचं आणि संध्याकाळी कादंबरी लिहायची, असा त्यांचा दिनक्रम होता. या दोन कामांत फरक काय, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी ते स्तुती म्हणून घेतलं. मी कौन्सिलच्या लायब्ररीत काउंटरवर बसून पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत असे, म्हणून ते मला ‘ग्रंथपाल’ म्हणत. पेरू देशावरची आमच्या शाखेतली तिन्ही पुस्तकं ऐंशी सालच्या आसपास त्यांच्या घरी गेली आणि दर तीन आठवड्यांनी फक्त शिक्का मारून घेण्यापुरती माझ्यासमोर येत राहिली.

कादंबरीचा नायक मराठी आरमारातला एक तांडेल. त्याला पोर्तुगीज पकडून नेतात, तिथून तो या ना त्या जहाजावरून थेट पेरूला पोचतो, तिथे शेवटच्या इंका राजाच्या पणतीच्या प्रेमात पडतो आणि दोघं मिळून दडवलेलं सोनं शोधायला डोंगरात शिरतात. ही राजकन्या भेटीच्या दुसऱ्याच दिवसापासून तांडेलाला ‘अहो’ म्हणते आणि त्याच्या एकादशीला बटाटे उकडून देते. या बटाट्यांचा साडूंना भयंकर अभिमान. “हसू नका, ग्रंथपाल! बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, रताळं तिकडचं, साबुदाण्याचा कंदसुद्धा तिकडचा. आपली अख्खी एकादशी दक्षिण अमेरिकेतून आलीय. तांडेलाला तिथे परकं वाटेलच कसं?” मी म्हटलं, “डॉक्टर, ते सगळं खरं. पण पहिल्या प्रकरणात त्याच्या आईला लाडवांचं गाठोडं घेऊन बंदरावर उभं केलंत आणि विसरून गेलात. अडीचशे पानं झाली, ती बाई अजून तिथेच उभी आहे.” त्यावर ते गंभीर झाले. “ती शेवटी येणार,” म्हणाले.

शेवट येणं गरजेचं होतं, कारण त्यावर ताईंचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. इथे आलेल्या प्रत्येक डॉक्टराप्रमाणे साडूही पाच वर्षांसाठी आले होते. पाचाची दहा झाली तेव्हा ताईंनी विषय काढला. त्यांची आई नाशिकला एकटी होती आणि ताई थोरली मुलगी. साडूंनी लगेच शब्द दिला, “ही कादंबरी हातावेगळी झाली की निघायचं. तिकडे गेल्यावर लिहायला सवड कुठली? दिवाळीपर्यंत संपते बघ.” ताईंनी बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला. चहाच्या चार मोठ्या लाकडी पेट्या मिळवल्या, त्यांच्यावर काळ्या रंगाने नाशिकचा पत्ता रंगवला आणि स्टीलची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून भरायला सुरुवात केली. गणपतीत माणसं जेवायला आली की तीच भांडी बाहेर निघत आणि विसर्जनानंतर परत पेटीत जात. दर रविवारी दुपारी चहा घेऊन त्या मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहत आणि विचारत, “सापडला का हो खजिना?” आतून उत्तर येई, “दरीपर्यंत आलेत!” तांडेल त्या दरीत पोचला तेव्हा माझी मुलगी प्रायमरी स्कूलमध्ये होती. ती ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, बसली तरी तो तिथेच होता.

वाचकांच्या बाबतीत साडूंचं नशीब विचित्र होतं. ऑपरेशनआधी पेशंटची भीती जावी म्हणून ते त्याला इंग्रजीत कादंबरीची गोष्ट सांगत. सांगत असतानाच सुई टोचत आणि दहापासून उलटे आकडे मोजायला लावत. त्यामुळे अर्ध्या कार्डिफने ती कादंबरी ऐकलेली आहे, पण दोन वाक्यांच्या पुढे कोणीच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्या खाणकामगाराने शुद्धीवर आल्या आल्या गुडघ्याची चौकशी न करता, “डॉक्टर, त्या पोरीचं पुढे काय झालं?” असं विचारलं होतं. हा अभिप्राय साडू आल्यागेल्याला ऐकवत. इथल्या मराठी मंडळात एकदाच जाहीर वाचन झालं. अध्यक्षांनी शाल खांद्यावर सावरत वीस मिनिटं ‘सातासमुद्रापार सरस्वतीची सेवा’ या विषयावर भाषण केलं आणि साडूंचं नाव चुकीचं सांगितलं. वाचन सुरू झाल्यावर तिसऱ्या पानाला मागच्या दोन रांगा झोपल्या. दुसरा लेखक दुखावला असता. हे मात्र अधूनमधून थांबून, झोपलेल्यांचा श्वास नीट चाललाय ना, ते सवयीने पाहत होते.

एकदा खजिना खरोखर हाताशी आला होता. इंका लोक दोऱ्यांना गाठी मारून हिशोब ठेवत, हे वाचल्यावर साडूंनी ताईंच्या विणकामाची तपकिरी लोकर घेतली, तिला गाठी मारून खजिन्याचा अख्खा रस्ता बांधला आणि तो गुंता खुंटीला लटकवला. तीन महिन्यांचं काम. ताईंना वाटलं, लोकर गुंतलीय. त्यांनी दोन दुपारी खपून एकेक गाठ सोडवली आणि नवऱ्यासाठीच बिनबाह्यांचा स्वेटर विणला. मी गेलो तेव्हा साडू तोच स्वेटर घालून हताश बसले होते.

“ग्रंथपाल, हिने खजिन्याचा नकाशा उसवला!”

“मग काय झालं?” ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “खुंटीवर लटकून कुणाला ऊब देत होता?”

मी हसलो. त्या दिवशी साडूही हसले, जरा जास्तच. नकाशा गेल्याचं दुःख झालेल्या माणसाचं ते हसणं नव्हतं. काम पुढे ढकललं गेल्याचं होतं. तेव्हा प्रथम मला शंका आली.

नव्वदनंतरच्या एका हिवाळ्यात नाशिकहून फोन आला. ताईंची आई गेली. तिकीट मिळून ताई पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. परत आल्यावर त्यांनी कसलाही आरडाओरडा केला नाही. पेट्या उघडल्या, भांडी धुऊन फडताळात लावली आणि रिकाम्या पेट्या कौन्सिलच्या माणसांना नेऊ दिल्या. त्यानंतरच्या रविवारी चहा आला, प्रश्न आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. साडू कान देऊन बसत, मी पाहिलंय. कप टेबलावर टेकल्याचा आवाज होई आणि पावलं परत जात. माणसाला एक प्रश्न इतका हवासा वाटू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

“संपवून टाका की आता,” मी एकदा चिडून म्हटलं. “कशाला अडलंय?”

त्यांनी पेन बंद केलं. “आमच्या बॅचचे दोघं परत गेले होते. वर्षभरात इकडे आले. तिकडे त्यांना कुणी ओळखेना. मी तिकडे जाऊन कोण हो? इथे निदान परत जाणारा माणूस तरी आहे.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आणि आता संपवली, तर तेव्हा का नाही संपवली असं ती विचारेल.”

“नाही विचारणार.”

“तेच तर,” ते म्हणाले.

पुढे दोनेक वर्षांनी माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. टेबलावर आडवा झालो तर डोक्याशी हिरव्या टोपीत साडू. नात्यातल्या माणसाला भूल देऊ नये असा संकेत आहे, याची मी आठवण करून दिली. “साडू नात्यात धरत नाहीत,” म्हणत त्यांनी सुई टोचली. मग खाली वाकून, कधी नव्हे इतक्या हळू आवाजात मराठीत म्हणाले, “शेवट ठरलाय. कुणाला सांगितलेला नाही. ऐका.” मी ऐकण्याचा जिवापाड प्रयत्न केला. तांडेल गुहेच्या तोंडाशी येतो, मशाल उंच धरतो, राजकन्या त्याचा हात धरून म्हणते, अहो... आणि पुढे मला पांढरं छत आणि कोरडा घसा एवढंच आठवतं. साडू शेजारी बसले होते.

“कसा वाटला?”

इतकी वर्षं मी त्या कादंबरीला एक चांगला शब्द दिला नव्हता. पण त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, “चांगला आहे, डॉक्टर. दुसरा असूच शकत नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तुम्ही म्हणता म्हणजे झालं,” म्हणाले, आणि त्यानंतर त्या कादंबरीची एक ओळही लिहिली नाही. पेरूची तिन्ही पुस्तकं त्याच आठवड्यात काउंटरवर परत आली. त्यांच्या निम्म्या मजकुराखाली पेन्सिलच्या रेघा होत्या. मी त्या खोडल्या नाहीत.

रिटायर होऊन वर्षही झालं नसेल, एका सकाळी चहाची वाट बघत ते खुर्चीतच गेले. तेरा दिवस झाल्यावर मी ताईंकडे गेलो. त्यांनी वह्यांचा गठ्ठा समोर ठेवला. सहाशे बारा पानं. शेवटच्या पानावर तांडेल अजून दरीतच होता. ताईंच्या अंगावर तो तपकिरी स्वेटर होता.

“भावोजी, शेवट तुम्हाला सांगितला होता म्हणे यांनी.”

“हो.”

“मग?”

“सापडतो खजिना,” मी म्हणालो. “गुहा भरून सोनं.”

ताईंनी हात झटकला. “सोनं राहू द्या हो. तो परत येतो का?”

सुखाच्या शेवटांची मी उभ्या आयुष्यात टिंगल केली आहे. गोड शेवट असलेली पुस्तकं मी वाचकांच्या हातात जरा आपटूनच देत असे. मी ताईंकडे न बघता वह्या नीट रचल्या. “येतो,” म्हणालो. “सोनं तिथेच टाकून येतो. त्याची आई बंदरावर उभी असते. गाठोडं हातात तसंच.”

“ओळखते त्याला?”

“लांबूनच.”

ताई चहा ठेवायला उठल्या. आधण उकळून वाफेने खिडकी धूसर झाली, तरी आतून कपाचा आवाज येईना. मी वह्यांवर हात ठेवून बसून राहिलो. इतका पडेल शेवट दुसऱ्या कुणाच्या कादंबरीत मी खपवून घेतला नसता.