नालवाडीच्या भिंतीला न मारलेलं पाणी

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकत असेल, माफ करा. चौथीत शाळा सुटली. दुसऱ्याकडून लिहून घेता आलं असतं — पण ही गोष्ट मागच्या दिवाळीपर्यंत मी कोणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

मी रेजा आहे, मिस्त्रीच्या हाताखाली विटा-मसाला वाहते. तेव्हा नामदेव मिस्त्रींकडे होते. नालवाडीत एका नर्सबाईंच्या नव्या घराचं प्लास्टर झालं. ऐन उन्हाळा. ओल्या प्लास्टरला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर ते तडकतं. मिस्त्रींनी किल्ली माझ्याकडे दिली अन् दुसऱ्या कामावर गेले.

पहिल्या दिवशी मारलं. मग समुद्रपूरला बहिणीच्या बाळाचं बारसं होतं, मी एसटीत बसले अन् उरलेला आठवडा तिकडेच राहिले. सांगितलं असतं तर मिस्त्रींनी दुसरं कोणी पाठवलं असतं. सांगायला लाजले म्हणू? लाजरी आहेच मी. पण परत आल्यावर सांगायला काय झालं होतं? भिंत तव्यासारखी तापली होती. मिस्त्रींनी विचारलं, "पाणी मारून राह्यली होती ना वं?"

"हो भाऊ, दोन्ही टाइम."

इतकं सरळ तोंडातून आलं — त्यात लाज कुठे होती?

रंगाच्या आधी भिंतभर भेगांचं जाळं उमटलं. खिडकीच्या कोपऱ्यातून तर एक भेग थेट छतापर्यंत गेली. नर्सबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मिस्त्री, सिमेंट घरी नेलं का?"

मिस्त्री म्हणाले, "बाई, माल बरोबर टाकला. अन् पाणी तं आमच्या रंजूनं दोन्ही टाइम मारलं."

माझ्या भरवशावर बोलले ते. मी घमेलं घासत बसले.

नर्सबाईंनी दुरुस्तीचा खर्च मिस्त्रींच्या मजुरीतून कापला. त्या गल्लीत त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. आणि भेगा भरायला पेंटरला हाताखाली मजूर बाई हवी होती — कोण गेली असेल? मीच. पत्र्यानं भेग रुंद केली, ब्रशनं धूळ काढली, ओली केली, मसाला दाबला, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासली. काम चोख केलं. मिस्त्रींच्या कापलेल्या पैशातूनच माझी मजुरी निघाली, ती घेतली. तेव्हाही गप्प का राहिले? मिस्त्रींची भीती नव्हती. काम जाईल, एवढंच होतं.

मागच्या दिवाळीनंतर ठरवलं — आता पुरे. त्यांच्या घरी गेले, उभ्यानंच सांगितलं. त्यांची बायको म्हणाली, "इतक्या सालानं काऊन सांगून राह्यली वं?"

मिस्त्री म्हणाले, "म्या तं भेगा पाहून, रेतीत माती हाये म्हणून गणपतच्या अंगावर गेलतो. तवापासून बोलत नाई आमी."

गणपत म्हणजे रेतीवाले. दोघं लहानपणचे सोबती. हे मला माहीतच नव्हतं.

"त्याले तूच सांगजो," मिस्त्री म्हणाले.

गेले. त्यांनाही सगळं सांगितलं. ते ऐकून आत निघून गेले. दोघं आता बोलतात की नाही, मला ठाऊक नाही. विचारायचा हक्क माझा नाही.

कापलेले पैसे फेडणं मात्र माझ्या हातात होतं. कापूस वेचून, मजुरी करून थोडे थोडे देत गेले. आज उरलेले नेऊन दिले. मिस्त्रींनी मोजले, बायकोकडे दिले अन् जेवायला बसले. सगळे फिटले.