शेठच्या गाडीतली खडखड

"भोईर, आवाज अभी भी है."

शेठ हेल्मेट काखेत धरून टूलरूमच्या दारात उभे होते. ही तिसरी तक्रार. पहिली त्यांनी फोनवर हसत केली होती, दुसरी न हसता. आज त्यांनी दार ढकललं ते पायाने.

"कुठल्या बाजूने, शेठ?"

"उसी बाजू से. डावीकडून. उल्हासनगर से इधर तक खडखड, खडखड. और ऊपर से तुम्हारी झडप खुलती नहीं. मेरे घुटने भाजले."

मी बाइककडे गेलो, वारा आत घेणाऱ्या डाव्या झडपेला बोट लावलं. झडप तसूभर हलेना. म्हणजे खडखड तिची असणं शक्यच नव्हतं. पण हा विचार पुरता करायच्या ऐवजी मी म्हणालो, "बघतो शेठ, अजून थोडी सैल असेल." माणूस स्वतःच्या निदानाच्या प्रेमात पडला की असंच बोलतो.

आमचा कारखाना अंबरनाथच्या एमआयडीसीत. प्लास्टिकचे सुटे भाग करायचा. नव्वदच्या पुढची चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. मी टूलरूमचा फोरमन. टूलरूम म्हणजे कारखान्याचा दवाखाना. ज्या साच्यात प्लास्टिकला आकार देतात तो साचा इथे बनतो आणि आजारी पडला की इथेच बरा होतो. मी राहायला सोनिवलीला, लुनावरून ये-जा करायचो.

कारखान्यात माझं दोन गोष्टींसाठी नाव होतं. एक म्हणजे कान. मशीन चालू असताना नुसतं ऐकून बेअरिंग गेलंय की बेल्ट, ते मी सांगायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलेलं लोक विसरायचे आणि मीही आठवण करून देत नसे. दुसरी गोष्ट म्हणजे माझा प्रश्न. कुठलंही मशीन अडलं की मी पान्याला हात लावायच्या आधी विचारायचो, "शेवटचा हात कुणाचा?" मशीन सहसा आपणहून बिघडत नाही. ज्याने शेवटचा हात लावलेला असतो त्याच्या खिशात निम्मं उत्तर असतं. या प्रश्नाने मी भल्याभल्या ऑपरेटरना घाम फोडला होता.

आता गाडीबद्दल. शेठ सिंधी, राहायला उल्हासनगरला. दुबईहून परत आलेल्या एका नातेवाइकाकडून त्यांनी ही जपानी टूरिंग बाइक घेतली होती. टूरिंग म्हणजे लांबच्या प्रवासाला केलेली. जड, रुंद, आणि पुढे फेअरिंग लावलेली. फेअरिंग म्हणजे वारा अडवणारं प्लास्टिकचं मोठं कवच. त्या कवचाला दोन बाजूंना दोन खिडक्या असतात, त्यांना व्हेंट म्हणतात. खिडकीची झडप उघडली की एका वाकड्या नळीतून वारा चालवणाऱ्याच्या गुडघ्यांवर येतो. ही नळी कवचाच्या दोन थरांच्या मध्ये चिकटवलेली, आणि तिच्या गुडघ्याकडच्या तोंडाला किडे येऊ नयेत म्हणून जाळी. इंजिन तापलं आणि झडप मिटलेली असली, तर चालवणाऱ्याची खिचडी शिजते.

गाडी शेठकडे आली तेव्हाच वापरलेली होती, दोन्ही झडपा सैल होऊन खडखडायच्या. कंपनीचा सुटा भाग आपल्याकडे मिळायचा नाही. शेठनी बारा वर्षं ते चालवून घेतलं. मग दसऱ्याच्या आठवडाभर आधी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. मला वाटलं, नोकरी गेली.

"भोईर, पच्चीस साल हो गए शादी को," शेठ म्हणाले. "भाभीला घेऊन नाशिकला जायचंय. बाइक पे. गाडी आली तेव्हा एकदाच बसली होती, स्टेशनपर्यंत. उतरके बोली, ये गाडी है की बर्तन का ठेला? तब से बारा साल पूछ रहा हूँ. या वेळी पहिल्यांदा हाँ बोली."

"मग जा की, शेठ."

"शर्त है. खडखड आली तर ती उतरणार और टैक्सी करेगी. मी बाइकवर, ती टॅक्सीत. पच्चीस साल के बाद ऐसा फोटो निकालना है क्या मेरे को?"

एवढा मोठा कारखाना चालवणारा माणूस टेबलावरचा पेपरवेट गोल गोल फिरवत बसला होता. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं. मी शब्द दिला की आवाज राहणार नाही.

काम तसं सरळ होतं. प्रत्येक झडप दोन बारीक पिनांवर फिरते. वर्षानुवर्षं हलून पिनांची भोकं लांबट झाली होती. अशा भोकात बुश बसवतात. बुश म्हणजे बारकीशी नळी, पुढची सगळी झीज ती सोसते. आमचा टर्नर कांबळे बुवापाड्याहून यायचा. त्याने लेथवर नायलॉनचे चार बुश काढले, एकासारखा एक. भोकं मी हाताने मोठी केली, कारण जुनं प्लास्टिक म्हाताऱ्याच्या हाडासारखं असतं, जोर केला की तडा. डाव्या झडपेला जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग तुटली होती, तिथे बॉलपेनची स्प्रिंग कापून घातली. शेठनी एक चक्कर मारली. चूं नाही की चां नाही. ते मला मिठी मारायला आले होते, पण माझ्या अंगावरचं ग्रीस बघून थांबले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी कारखान्यात मशीनची आणि हत्यारांची पूजा होते. आमच्याकडे भटजी बोलवत नसत. फोरमन म्हणून तो मान माझा. मी प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावायचो, झेंडूचं फूल ठेवायचो, विड्याचं पान आणि त्यावर सुपारी. कांबळे बौद्ध, तो पूजेत नसायचा. पण त्या दिवशी तो आपला लेथ असा काही पुसायचा की त्यात तोंड दिसावं. पुसून झालं की हात बांधून लांब उभा राहायचा आणि शेवटी पेढे मात्र दोन घ्यायचा.

त्या वर्षी शेठ म्हणाले, "भोईर, गाडी भी मशीन है." मग गाडीचीही पूजा केली. आणि शेठनी सगळ्यांसमोर गाडी मैदानात एकदा फिरवली.

त्याच संध्याकाळी शेठनी घरून फोन केला. आवाज परत आला होता.

मी चक्रावलो. पण निदान ठरलेलंच होतं. डावीकडून खडखड म्हणजे डावी झडप. दुसऱ्या दिवशी दसरा असूनही मी शेठच्या घरी जाऊन झडपेखाली नमद्याची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, पट्टी चिकटवली. उभ्या गाडीत इंजिन चालू करून कान लावला. शांत. रस्त्यावर गेली की खडखड. मग मी कांबळेला आणखी घट्ट बुश काढायला सांगितले. तो म्हणाला, "साहेब, उन्हात प्लास्टिक फुगतं. एवढं घट्ट ठेवलं तर अडकेल."

"कांबळे, तू टर्नर आहेस की हवामानखातं?"

त्याने काढून दिले. आणि ऑक्टोबरच्या उन्हात झडप मिटलेली अडकली, शेठचे गुडघे भाजले, आणि खडखड जिथल्या तिथे राहिली. ते हेल्मेट काखेत धरून दारात उभे राहिले तो दिवस शुक्रवार होता. नाशिकला रविवारी सकाळी निघायचं होतं. मला घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "कान धुवून घ्या एकदा."

शनिवारी दुपारी भाभी स्वतः कारखान्यात आल्या. रिक्षातून उतरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चलो, दिखाओ. रस्त्यात उतरण्यापेक्षा इथेच उतरते."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. दोघं निघाले, शिवमंदिरापर्यंत जाऊन परत. कांबळे आणि मी गेटवर उभे. अर्ध्या तासाने गाडी आली, तेव्हा शेठचा चेहरा पडलेला होता. खडखड आम्हाला गेटवरूनच ऐकू आली.

भाभी उतरल्या. पण टॅक्सीबद्दल काही बोलल्या नाहीत. सरळ माझ्याकडे आल्या.

"भोईरभाऊ, ये ढीला नहीं है."

"म्हणजे?"

"ढीली चीज एक जगह पे बजती है. ये घूमता है. ब्रेक मारा तो आगे जाता है, छोडा तो पीछे आता है. अंदर कुछ गोल है. मेरे डब्बे में एक इलायची भी लुढकती है तो मेरे को समजता है."

वीस वर्षं मशीनचे आवाज ऐकणारा मी, हे मला ऐकू आलं नव्हतं. कारण मी गाडी उभी करून ऐकत होतो, आणि चालत्या गाडीवर मी एकदाही बसलो नव्हतो.

कांबळे मागे हात बांधून उभा होता, खंडेनवमीला उभा राहायचा तसाच. तो हळूच म्हणाला, "साहेब, शेवटचा हात कुणाचा?"

बुश बसवल्यावर गाडी शांत होती. शेठनी चक्कर मारली होती, चूं नाही की चां नाही. त्यानंतर गाडीला हात लागला तो एकाच माणसाचा. त्या माणसाने आपण दुरुस्त केलेली झडप सगळ्यांना दिसावी म्हणून ऐटीत उघडी ठेवली होती. तिच्या वरच्या काठावर पान ठेवलं होतं आणि पानावर सुपारी. शेठनी फेरी मारून आणल्यावर त्याने पान उचललं, फूल उचललं. सुपारी उचलल्याचं त्याला काही केल्या आठवेना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत शिकलो होतो. तिचा अर्थ मला त्या दुपारी कळला.

माल चढवायच्या उतारावर पुढचं चाक खाली करून आम्ही चौघांनी गाडी धरली. डावी झडप काढून मी नळीत बॅटरी मारली. वळणापाशी काहीतरी लालसर होतं. सायकलची तार वाकवून फासा केला आणि तीनदा चुकून चौथ्यांदा ओढला. टुणकन सुपारी हातात आली. हळदकुंकू अजून लागलेलं होतं.

शेठ माझ्या हाताकडे बघत होते आणि मी त्यांच्या भाजलेल्या गुडघ्यांकडे. मला खरोखर रडू येईल असं वाटलं. मग भाभींनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्या गेटला टेकून हसल्या, बसून हसल्या. शेठ पण हसायला लागले.

"भोईर," डोळे पुसत ते म्हणाले, "तुमने मेरी गाडी को पान खिलाया!"

संध्याकाळच्या आत कांबळेचे पहिले बुश परत बसवले, जे मुळात बरोबरच होते. कांबळेने ते जपून ठेवले होते, न सांगता.

रविवारी सकाळी दोघं नाशिकला गेले. मंगळवारी शेठ कामावर आले. मी दारातच विचारलं, "आवाज?"

"होती ना," शेठ म्हणाले. "पूरा रास्ता. जाताना भी, येताना भी." मी पाना शोधायला वळलो. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला. "भाभी की. बारा साल की बातें बाकी थी उसकी. बोलती गई, बोलती गई. खडखड होती तर मेरे को सुनाई नहीं देता, भोईर."

ती सुपारी मी टूलरूमच्या फळीवर ठेवली. "शेवटचा हात कुणाचा?" हा प्रश्न मी निवृत्त होईपर्यंत विचारत राहिलो, फक्त विचारायच्या आधी तिच्याकडे एकदा बघायचो.

पुढच्या खंडेनवमीला मी ताट घेऊन निघालो तर कांबळे हात बांधून लांब उभा नव्हता. तो पहिल्या मशीनपाशी कागद-पेन्सिल घेऊन उभा होता. कागदावर प्रत्येक मशीनचं नाव आणि पुढे दोन रकाने, ठेवली आणि उचलली.

"काय रे, या वर्षी पूजेला आलास?"

"नाही साहेब," तो म्हणाला. "इन्स्पेक्शनला."