आतोबांनी बसवलेली खिडकी

दुकानात मिळणारी प्रत्येक वस्तू आपला अपमान करण्यासाठीच तिथे मांडून ठेवलेली असते, असं मानणारा माणूस अख्ख्या बंगळुरात एकच आहे आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा आहे. पीण्या भागातल्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आतोबांनी घरचा मिक्सर, पंखे आणि शेजाऱ्यांची बेल, सगळं बिघडण्याची वाट न पाहताच दुरुस्त केलं. शेजाऱ्यांची बेल तेव्हापासून दार उघडल्यावर वाजते. मग एके दिवशी त्यांनी जीपमागे जोडायचं एक जुनं चाकांवरचं घर ओढत बनशंकरीच्या आमच्या गल्लीत आणलं. लोक त्याला कॅरॅव्हान म्हणत, आतोबा 'आमचा बंगला' म्हणत.

आत्याला गुडघ्याच्या ऑपरेशनआधी एकदा समुद्र पाहायचा होता. बंगला बरोबर असला की वाटेत हवं तिथे थांबून तिला पाय पसरता येणार होते. पण निघायच्या आठवड्यातच शेजारच्या माडाचा नारळ कंपाउंडच्या भिंतीवर आपटून उसळला तो थेट बंगल्याच्या खिडकीची काच फोडून आत.

"नवी मागवा. आपण पुढच्या महिन्यात जाऊ," आत्या म्हणाली. पुढच्या महिन्यात ऑपरेशन होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"मागवायची कशाला? एक चौकोन तर बसवायचाय!" असं म्हणून आतोबांनी मला घेऊन शिवाजीनगर गाठलं. अ‍ॅक्रिलिकची शीट कापण्याआधी दुकानदाराने "अण्णा, माप सरी ना?" असं पुन्हापुन्हा विचारलं आणि आतोबा दर वेळी अधिक दुखावल्या सुरात "सरी, सरी, अगदी बरोबर" म्हणत राहिले. घरी आल्यावर काच बोटभर मोठी निघाली. आतोबांनी तिच्याकडे पाहिलं, बंगल्याकडे पाहिलं.

"काच बरोबर आहे," ते म्हणाले. "गाडी आखडलीय."

दुपारभर कानशीने घासून काच मापात आणली. मग काचेभोवती रबराची पट्टी चढवली, तिच्या खाचेत दोरी भरली, साबणाचं पाणी लावलं. आतोबांनी आतून दोरी ओढत रबर चौकटीवर चढवायचं, मी बाहेरून काच दाबायची, असं ठरलं. मी ती इतक्या निष्ठेने दाबली, की काच थेट त्यांच्या मांडीवर!

"अरे, स्वल्प हळू!" आत्या अंगणातल्या खुर्चीतून ओरडली आणि लगेच पदर तोंडाला लावून हसत सुटली.

आतोबा हसले नाहीत. घाम पुसत मला हळूच म्हणाले, "नाही जमलं, तर हिला काय सांगू रे?" या माणसाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसऱ्या खेपेला रबर चौकटीवर गप्पकन बसलं. आतोबांनी आत्याला आत बसवलं आणि बाहेरून बादलीभर पाणी फेकलं. आतून विजयी आवाज आला, "कोरडी आहे हो मी!"

समुद्र तिने त्याच खिडकीतून, बंगल्यातल्या पलंगावर पाय पसरून मनसोक्त पाहिला.

आता आतोबांना लांबचं नीट दिसत नाही, त्यामुळे बंगला अंगणातच असतो. संध्याकाळची कॉफी दोघं तिथेच पितात. परवा मी गेलो, तेव्हा आतोबा खिडकीबाहेर तोंड करून "कोण चाललंय?" असं विचारत होते आणि आत्या, न कंटाळता, गल्लीतला एकेक माणूस त्यांना सांगत होती.