चावीकाकूची वेळ

तळं राखील तो पाणी चाखील, ही म्हण चढावरच्या वस्तीत पाणी सोडणाऱ्या जुन्या माणसाने फारच मनावर घेतली होती. ज्याने त्याचे हात ओले केले, त्याच्या गल्लीत पाणी आधी. बाकीच्यांनी नळाखाली बादल्या लावून बसायचं. पाणी सकाळी येईल, दुपारी येईल, नाहीतर येणारच नाही. त्यामुळे घरटी एक बाई नळाला बांधलेली. खालच्या रस्त्यावर शर्ट शिवायचा कारखाना होता, शिवण येणाऱ्या बायका वस्तीत पुष्कळ होत्या, पण हजेरीच्या वेळेला पोचणार कशा?

तो माणूस निवृत्त झाला आणि पालिकेने रोजंदारीवर एका विधवा बाईला नेमलं. जवळजवळ तिच्याच उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ती चढ चढू लागली, तेव्हा पोरांनी तिचं नाव चावीकाकू ठेवून टाकलं. काकू तोंडाने फटकळ आणि वेळेला पक्की. सकाळी सहाला व्हॉल्वच्या लोखंडी झाकणावर चावी आपटायची, ठण ठण, आणि पाणी सोडायची. चहा पाजा नाहीतर शिव्या द्या, वेळ तीच. तिचं स्वतःचं घर लाइनीच्या पार शेवटी; तिथे धार करंगळीएवढी.

"आई, चावी तुमच्या हातात आणि आपल्याच बादल्या अर्ध्या?" सून कुरकुरायची.

"अर्ध्या बादलीत आंघोळ होते. पळ कामाला."

कारण सून कामाला लागली होती, आणि तिच्यासारख्या कितीतरी. हळूहळू गळके पत्रे बदलले, पाण्यापायी घरी बसणाऱ्या पोरी शाळेत टिकल्या. गरिबी हटवण्याच्या घोषणा चौकातल्या भिंतीवर कधीच्या रंगवलेल्या होत्या. पण चुलीला खरा हातभार लावला तो वेळेवर येणाऱ्या नळाने. एवढी साधी गोष्ट मोठ्यामोठ्यांना कशी सुचली नाही, देव जाणे.

एकाला मात्र ती खुपली. वॉर्डाच्या मेंबरला. पूर्वी पाणी आलं नाही की लोक त्याच्या दारात हात जोडून उभे राहायचे, मग तो फोन लावायचा आणि पाणी आलं की त्याचा जयजयकार. आता दार ओस आणि निवडणूक तोंडावर. त्याने काकूला बोलावून बसायला खुर्ची दिली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"काकू, आठवडाभर बंद ठेवा. बिघाड झालाय म्हणून सांगा. मग मी येऊन सुरू करून देतो. तुम्हाला कायम करायचं माझ्याकडे लागलं."

कायम नोकरी म्हणजे म्हातारपणी पेन्शन. काकूचे गुडघे आताच चढावर कुरकुरत होते. मोह झाला नाही असं कशाला म्हणा. घरी येईपर्यंत तिने मनातल्या मनात दोनदा हो म्हटलं होतं. सून उद्याच्या डब्याची भाजी निवडत बसली होती.

"आठवडाभर कामाला गेली नाहीस तर गं?"

"जागा जाईल, आई. दुसऱ्या बायका टपून बसल्यात."

दुसऱ्या दिवशी सहाला झाकण वाजलं.

लवकरच तिची बदली झाली. कायम होणं राहिलं बाजूला, काम मिळालं गावाच्या दुसऱ्या टोकाला, नाल्यापलीकडे, जिथे पाणी आलं तर आलं. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूने चावी उचलली आणि चालू लागली.

तिथला पहिला दिवस उरकून ती घरी आली, तेव्हा सून दारातच उभी होती.

"नवा माणूस सकाळी वेळेवर आलाच नाही."

काकूचा चेहरा पडला. "मग?"

"मग काय, डबे हातात घेऊन सगळ्या व्हॉल्वपाशी गेलो आणि दगडाने झाकण वाजवत बसलो. पार खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. धावत आला बिचारा, चावी ओढत."

"आणि मेंबर? त्याला नाही बोलावलं कुणी?"

सून गोंधळली. तिला खरंच आठवून बघावं लागलं.

"त्याला सांगायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

काकू गालातल्या गालात हसली. पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळायला बसली. उद्या सहाच्या आत नाल्यापलीकडे पोचायचं होतं.