बाईसाहेबांचा कोट

माझी मावशी माणूस बघत नाही, माप बघते. बिल्डिंगमध्ये नवा शेजारी आला की आम्ही विचारतो, कुठला, काय करतो. ही म्हणते, "उजवा खांदा अर्ध्या इंचाने उतरलाय बिचाऱ्याचा." चाळीस वर्षं शिवणकाम करतेय. पाय लहानपणीच संपावर गेले, म्हणून मशीनचं बटण तिने कोपराशी बसवून घेतलंय. बाकी जगभर तिला नेते ती बॅटरीवर चालणारी खुर्ची. खुर्चीचं नाव बाईसाहेब.

त्या दिवशी मी गेले तेव्हा मावशी पलंगावर बसली होती, बाईसाहेब समोर उभ्या होत्या आणि मावशीच्या हातात टेप.

"बरी आलीस. लिही. पाठ एकवीस. हात साडेनऊ. आता मागून टेप धर गं जरा, घेर राहिलाय."

"खुर्चीला काय शिवतेस?"

"कोट. विमानात बसायचंय तिला."

मागच्या खेपेची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. मावशी विमानाने थोरल्या बहिणीकडे गेली, तेव्हा सामानाच्या पोटातून बाईसाहेब बाहेर आल्या त्या हात मोडून. खुर्ची चालवायची दांडी नुसती वायरवर लोंबत होती. आठ दिवस मावशी थोरलीच्या सोफ्यावर. कापडाची मोठी पेठ दोन चौक पलीकडे, आणि थोरली रोज फोनवर फोटो काढून आणायची.

"कापड काय फोटोत बघायचं असतं?" मावशी अजूनही चिडते. "बोटांत धरल्याशिवाय कळतं का काही? आठ दिवस मी त्या सोफ्यावरची उशी होते. ताई दोनदा माझ्यावर टॉवेल ठेवून गेली. या खेपेला पेठ पालथी घालणार म्हणजे घालणार!"

कोट झाला मात्र देखणा. बाहेर चिवट खाकी कापड, मध्ये गादीचा फोम, आत मऊ अस्तर. चालवायची दांडी काढता येते, ते मेकॅनिककडून शिकून घेतलेलं. ती मांडीवर न्यायची, तान्ह्या बाळासारखी. कोटावर लाल दोऱ्याने ठसठशीत अक्षरं भरलेली: 'इथे धरा'. 'इथे धरू नका'. आणि पाठीवर, 'आडवं झोपवू नका, चक्कर येते'.

"चेन कुठंय?" मी विचारलं.

"चेन म्हणजे आमंत्रण. दिसली की माणूस ओढणारच. शेवटची शिवण मी विमानतळावर घालणार. हाताने, दुहेरी दोऱ्याने."

आणि घातली. विमानतळाच्या ढकलखुर्चीत बसून, भर काउंटरसमोर. दहा माणसं सामान सोडून बघत राहिली. शेवटची गाठ मारून तिने दोरा दातांनी तोडला आणि या खेपेला सोबत निघालेल्या माझ्याकडे असं बघितलं, जणू पडदा पडलाय आणि मी टाळ्या वाजवायला विसरलेय.

तेवढ्यात गणवेशातल्या एक बाई आल्या. मागे सामान चढवणारा एक आडदांड माणूस.

"यात काय आहे?"

"खुर्ची."

"दिसत नाही."

"म्हणूनच शिवलंय."

बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "बॅटरी बघावी लागेल. वायर सोडवावी लागेल. उघडा."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी मावशीकडे. चाळीस वर्षांत तिने कितीतरी ब्लाउजांना हूक लावले असतील, पण बॅटरी तपासायला खिडकी ठेवावी हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"कात्री द्या मग."

"इथे कात्री नाही मिळणार."

"अहो, उसवायला सांगता आणि कात्री नाही? माझी तर बॅगेबरोबर गेली!"

"विमानाला पंचवीस मिनिटं आहेत, आजी."

"आजी कोणाला म्हणता? तुमची कॉलर वाकडी बसलीय, मी बोलले का काही?" मग माझ्याकडे वळून, "तू वाक. खालच्या कडेपासून चार बोटांवर गाठ आहे. ती चाव."

"मी?"

"मी वाकले तर मलाच उचलायला माणूस लागेल. चाव म्हणते ना!"

मी भर विमानतळावर गुडघ्यांवर बसून एका कोटाला चावले. दोरा सुटला. आडदांड भाऊंनी वायरचा खटका सोडवला, बाईंनी बघून मान डोलावली आणि माझ्याकडे घड्याळ दाखवलं. तुम्ही चला, खुर्ची आमच्यावर सोपवा.

पण कोट उघडा. खाली फोम लोंबतोय. मावशीचा रंग उडाला. मला सोफा दिसायला लागला.

तिने पदराआड खोचलेली सुई काढली. दोरा ओवलेलाच होता.

"ही सुई..." गणवेशवाल्या बाई म्हणाल्या.

"चालते की नाही?"

"सुई चालते."

"भाऊ," मावशी त्या माणसाला म्हणाली, "टाका घालता येतो?"

"बटण लावतो घरी. बायको हसते."

"हसू दे. इकडे बघा. वर, खाली, ओढा. फार ओढू नका, चुण्या पडतात. शेवटची गाठ चार बोटांवर. किती?"

"चार."

"पास झालात." तिने सुई त्याच्या हातात ठेवली.

आम्ही विमानात बसलो. मावशीने खिडकीची जागा घेतली, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली दांडी. एकदम तिने माझा हात दाबला. खाली सामानाच्या पट्ट्याशेजारी तो माणूस उकिडवा बसला होता, जीभ दातांत धरून शिवत. मागे दोघे सहकारी कमरेवर हात ठेवून त्याच्यावर हसत होते.

"फार ओढतोय," मावशी काचेला नाक लावून कुजबुजली. "सैल सोड रे, सैल..."

उतरल्यावर विमानाच्या दाराशीच बाईसाहेब आल्या. उभ्या. कोटासकट. मावशीने शिवणीवरून बोट फिरवलं. टाके कसले, मुंग्यांची रांग वाट चुकलेली!

"माझ्या शिवणक्लासच्या मुलींनी असं शिवलं असतं ना, तीनदा उसवायला लावलं असतं." मग बोट खालच्या कडेशी गेलं. "गाठ मात्र चार बोटांवरच आहे. चाव."

चावले. आता सराव झाला होता. वायर लावली, दांडी बसवली, मावशीला खुर्चीत बसवलं. तिने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मावशी माझ्याकडे बघेना, समोरच्या भिंतीकडे बघायला लागली. मी खाली वाकून वायर नीट आत रेटली. कट्. हिरवा दिवा.

मावशी सुसाट निघाली. मी बॅगा घेऊन मागे धावतेय, पुढे थोरली मावशी हात पसरून उभी, आणि ही तिच्या पायावरून चाक नेता नेता थांबली. "ताई, पेठ किती वाजता बंद होते?"

पेठेत दुसऱ्या दिवशी तिने सव्वीस दुकानं हाताळली. हाताळली म्हणजे अक्षरशः. एकेक ठाण बोटांत चुरून बघितलं. आणि पहिली खरेदी काय? चेन.

"लाल, जाड दातांची. कडेच्या मापापेक्षा चार बोटं आखूड द्या."

"आखूड का?" थोरली म्हणाली. "खाली उघडंच राहील की."

"तेवढं हाताने शिवायचं. पुढच्या खेपेला तो भाऊ भेटलाच, तर परीक्षा नको घ्यायला?"